धरून ठेवलेलं

शहाड,
१२ नोव्हेंबर २०२४

दक्षता,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम टाकलं नाही. टाकलं असतं तर तू उघडलंच नसतंस. आता उघडलंयस तर एवढं वाच, मग फाडून टाक.

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस, म्हणून कागद. तू कोलशेतला आत्याकडे असतेस हे पोरींच्या स्टेटसवरून कळलं. पत्ता मला पाठ आहे. दोन वर्षं मे महिन्यात तुझ्याबरोबर तिथे येऊन राहिलेय, तुझ्या आत्याच्या हातचं सुकं खाल्लंय.

मी मामाकडे शिकायला गेले असं मम्मीने अख्ख्या ठाकुर्लीत सांगितलंय ना, ते खोटं आहे. मी शहाडला राहते. माझं लग्न झालंय, गेल्या फेब्रुवारीत, गावच्या देवळात, अकरा माणसांत. नवरा विनीत. विठ्ठलवाडीला फर्निचरच्या दुकानात आहे. तू त्याला पाहिलंयस. मैदानाबाहेर बाइक लावून उभा होता, तू विचारलेलंस हा कोण, मी बोललेले चुलतभाऊ. आणि मला मुलगा आहे. नील. आज सात आठवड्यांचा झाला.

महिने मोजायला तुला वेळ लागणार नाही.

म्हणजे जानेवारीत, राज्याच्या खो-खो संघाच्या निवडीच्या चार दिवस आधी, तुझ्या बॅगेत ती प्रेग्नन्सीची पट्टी सापडली आणि मारुती सरांनी तुझ्या बाबांना फोन लावला, तेव्हा मी तिथेच उभी होते आणि गप्प बसले. सरांना एकदम तुझ्यावर संशय कसा आला ते मला माहीत नाही. पण मी बोलायला हवं होतं. त्याची लाज वाटते. हे सांगायला पत्र.

आणि दुसरं असं, की मला विचारायला कोणी नाही. तू बोलायचीस, संचे, तुझ्या पायात स्प्रिंग बसवलीय. आता बाळाला घेऊन उठले की गुडघे लटपटतात. शिंकले, खोकले, हसले की कपडे ओले होतात. दिवसातून तीनदा बदलते. मोरीत सासूच्या नकळत धुते. मी एकोणीस वर्षांची आहे, दक्षता. हे मी विनीतला सांगितलेलं नाही, मम्मीलाही नाही. तुला सांगतेय, कारण तू तशीही माझं तोंड बघणार नाहीस.

संचिता


शहाड,
३ डिसेंबर २०२४

दक्षता,

तुझं उत्तर आलं नाही. येणार नाही हे माहीत होतं, तरी पोस्टमन आला की गॅलरीत जाते.

आज नीलला डोस द्यायला पालिकेच्या आरोग्य केंद्रात गेलेले. लाइनीत तो रडायला लागला, मला खोकल्याची उबळ आली आणि झालं. मी पटकन ओढणी कमरेला बांधली. तिथल्या क्षिप्रा सिस्टरनी पाहिलं. टोचून झाल्यावर त्यांनी मला पडद्यामागे नेलं.

"खोकल्यावर होतं का गं?"

मी बोलले, "नाही, बाळाने केलं."

"बरं," त्या बोलल्या. "मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा वाजता वरच्या खोलीत ये. वीस वर्षांच्या आतल्या आया येतात, पाच-सहा जणी. सगळ्यांची बाळंच करतात."

त्या हसल्या नाहीत. मला चिडवतायत की काय तेच कळेना.

आज मंगळवारच होता, म्हणून तशीच वर गेले. चटया टाकलेल्या, कोपऱ्यात बाळं ओळीने निजवलेली, आशाताई त्यांच्यावर लक्ष ठेवून. मला वाटलेलं हातपाय हलवायचे असतील. तर पाठीवर झोपायचं, गुडघे वर, श्वास सोडताना लघवी धरून ठेवतो तसं आतून आवळायचं आणि पाचपर्यंत मोजायचं. बस्स. मी मनात बोलले, हे काय, आपण तर खांबावरून सूर मारायचो.

मला दोनपर्यंतही धरता आलं नाही. शेजारची पोरगी, मैदान कधी पाहिलं नसेल तिने, चारपर्यंत धरत होती. मी तोंडावर हात घेऊन रडले. सिस्टर बोलल्या, "खेळाडू होतीस ना? मग दुखापत झाल्यावर काय करतात ते तुला माहीत आहे. तीच समज."

घरी आल्यावर सासूने विचारलं एवढा वेळ कुठे होतीस. सांगितलं तर भडकली. "बाळंतिणीने अंग धरून पडून राहायचं असतं. तू काय मैदान मारायला निघालीस? वारा शिरला अंगात की जन्माची कंबर धरेल." मग हळू आवाजात, "आणि चाळीत कोणी बघितलं तर? आधीच महिने मोजतात लोक."

विनीत जेवत होता. तोही माझ्यासारखाच, वेळ आली की ताटात बघतो.

पहिल्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. पट्टी माझी होती हे तुला कळलंच असेल. पण ती तुझ्या बॅगेत आपोआप गेली नाही. त्या सकाळी कॉलेजच्या बाथरूममध्ये मी टेस्ट केली. दोन रेघा आल्या. घरी मम्मी बॅग तपासते म्हणून कुठे टाकू कळेना, रुमालात गुंडाळून तशीच मैदानावर आले. मग त्या नवीन पोरीचा मोबाइल गेला आणि सर बोलले, सगळ्यांनी बॅगा रिकाम्या करा. तू पाणी भरायला गेलेलीस. तुझी बॅग माझ्या बाजूला होती, बाजूचा कप्पा उघडा होता.

मी तेवढंच केलं. पुढचं सरांनी केलं.

संचिता


शहाड,
१७ जानेवारी २०२५

दक्षता,

आज बरोबर एक वर्ष. आज जे झालं ते आधी सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं लिहायची हिंमत होणार नाही.

सासू ओरडायची तरी मी दर मंगळवारी-शुक्रवारी जात राहिले. नीलच्या वजनाचं निमित्त सांगायचे. सिस्टर दर वेळी एकेकीला विचारतात, काय काय त्रास होतो, खरं सांगा, त्यावरून पुढचा व्यायाम देते. मी दर वेळी सांगायचे, काही नाही, एकदम फिट. कारण मला लवकर पुढचं हवं होतं. पळायचं होतं.

आज त्यांनी आम्हाला जागच्या जागी हलक्या उड्या मारायला लावल्या. फक्त ज्यांचं गळणं थांबलंय त्यांनी. आम्ही दोघीच उभ्या राहिलो. तिसऱ्या उडीला सगळं ओलं झालं. सलवार, चटई, खाली फरशीपर्यंत. सहा पोरी, आशाताई, सिस्टर, सगळ्या समोर. मी तशीच उभी. खोलीत कोणी हसलं नाही गं. ती चारपर्यंत धरणारी पोरगी उठली आणि तिने आपली ओढणी काढून माझ्या कमरेला गुंडाळली.

सिस्टर बाकीच्यांना बोलल्या, "आजचं झालं, बाळं घ्या." सगळ्या गेल्यावर माझ्याजवळ बसल्या. "संचिता, गळतं याची लाज नाही. पण तू मला सहा आठवडे खोटं सांगितलंस आणि मी तुला चुकीचा व्यायाम दिला. अजून लागलं असतं तुला. कशासाठी?"

मी काय सांगणार. मला सवय आहे म्हणून?

येताना पुलावर थांबले. नील झोपलेला. एवढीशी लाज झाकायला मी काय काय करते, हे मला पहिल्यांदाच समोर दिसलं. आता तुला सांगते.

सरांना संशय कसा आला ते मला माहीत नाही, असं मी लिहिलेलं. मला माहीत आहे. बॅगेत पट्टी सापडल्यावर सर आधी तुझ्याकडे आले नाहीत. त्यांना वाटलं कोणीतरी टाकली असेल, कारण तू तशी नाहीस. त्यांनी मला बाजूला घेतलं, कडुनिंबाखाली. बोलले, "संचिता, तू तिची जवळची. खरं सांग. ही दक्षताची असेल असं मला वाटत नाही."

दक्षता, त्यांनी मला दार उघडून दिलेलं.

मी बोलले, "तिचीच आहे सर. आठ दिवस उलट्या करतेय. मला कोणाला सांगू नको बोलली."

उलट्यांचं कोणी विचारलेलंसुद्धा नव्हतं. ते मी माझ्या मनाने जोडलं, खरं वाटावं म्हणून. मग सरांनी फोन काढला. तू पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होतीस, सहा बाटल्या, तीन या हातात, तीन त्या. मला बघून हसलीस.

तुला दवाखान्यात नेलं ते पोरींनी मला सांगितलं. तिथून तू काही नाही असा कागद घेऊन आलीस, तरी बाबांनी तुझं मैदान तोडलं, तेही सांगितलं. सगळ्या तुझ्या बाजूने बोलत होत्या आणि मी मान हलवत होते. निवडीत तुझ्या जागी मला घेतलं. दोन दिवस सरावाला गेलेसुद्धा. मग मम्मीला कळलं.

आता लपवलेलं काही उरलं नाही.

संचिता


शहाड,
९ मार्च २०२५

दक्षता,

तुला पत्रात सांगितलं म्हणजे काय केलं मी? बंद पाकिटात माफी मागितली. सरांना मी मोठ्याने सांगितलेलं, मैदानावर. मग खरंही तिथेच सांगायला पाहिजे ना.

पण आधी सासूचं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय मी गेलेच नसते.

त्या उड्यांच्या शुक्रवारनंतर मी सिस्टरना सगळा त्रास नीट सांगितला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. घरी दुपारी दार लोटून चटईवर पडायचे. एक दिवस डोळे उघडले तर सासू दारात. मला वाटलं आता शिव्या. ती आत आली, कडी लावली आणि बोलली, "श्वास कधी सोडायचा म्हणालीस?"

मी उठून बसले. ती भिंतीकडे बघत बोलली, "मला पण आहे ते. विनीत झाल्यापासून. तेवीस वर्षं. लग्नाकार्यात मी पुढे बसत नाही ते काय हौस म्हणून? माझ्या वयात होईल का गं काही?"

तेवीस वर्षं, दक्षता. आणि ही बाई मला पडून राहा सांगत होती. दुसऱ्या दिवशी मी तिला सिस्टरकडे नेलं. सिस्टरनी तिला मोठ्या दवाखान्यात दाखवायला चिठ्ठी दिली, आणि व्यायामही दिला. आता दुपारी दोन चटया असतात. कलावतीबाई, म्हणजे सासू, पाचपर्यंत मोठ्याने मोजतात. नंतर त्याच मला बोलल्या, "जा, संध्याकाळी चालून ये. नीलला बघते मी." चाळीत कोणी विचारलं तर बिनधास्त सांगतात, डॉक्टरने सांगितलंय.

रोज चालत होते. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास. आता गळत नाही, खोकला आला तरी. मागच्या आठवड्यात सिस्टर बोलल्या, हळूहळू पळून बघ. मी नदीच्या रस्त्याला दोन मिनिटं पळाले. दोनच. आनंद व्हायला पाहिजे होता. मला तू दिसत होतीस, बाटल्या घेऊन. घरी येऊन मी सासूला सगळं सांगितलं.

ती बोलली, "त्या पोरीच्या आईबापाला तोंड दाखवलंस का?"

"नाही."

"मग पळतेस कशाला?"

आज सकाळी ठाकुर्लीला मैदानावर गेलो. ती, मी आणि नील. मारुती सर खांब पुसत होते. मला बघून खूश झाले, "अरे संचिता! गावाहून कधी आलीस?" मग सासूच्या खांद्यावरचं बाळ पाहिलं. मी उभ्या उभ्या सांगितलं. पट्टी, कप्पा, उलट्या. पोरी वॉर्मअप करत होत्या, दोघी-तिघी थांबून ऐकायला लागल्या. मी आवाज कमी केला नाही.

सर फडकं पिळत राहिले. शेवटी बोलले, "मी तिला एक शब्द विचारला नाही. तुला विचारलं. तिला नाही." एवढंच. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तुझ्या घरी, खाडीकडे. सर पण आले. तुझे बाबा ओट्यावर जाळं घेऊन बसलेले. तुझ्या मनुबाई आजी आत. सर बोलायला लागले तर बाबांनी हात वर केला. "तिला बोलू द्या." मी परत सगळं बोलले. पुन्हा सांगताना सोपं जात नाही गं, मला वाटलेलं जाईल.

बाबा जाळ्याकडे बघत बोलले, "दवाखान्यात बाहेरच्या बाकड्यावर बसलेलो मी. डॉक्टरीणबाई येऊन बोलली, काय नाय, पोरगी चांगली हाय. तेव्हाच समजलेलं मला. तरी मी तिला मैदानात सोडली नाय. लोकांच्या तोंडाला भ्यालो." मग माझ्याकडे पाहिलं. "तू खोटं बोललीस ते एका दिवशी. मी वर्षभर तिला घराबाहेर ठेवली. आता जा तू."

निघालो. मागून मनुबाई आजी आल्या. मला वाटलं हाकलायला. त्यांनी नीलच्या पायाला हात लावला, "किती म्हयन्याचा गो?" विचारलं, मी बोलले पाच, आणि त्या आत गेल्या.

तू आता सगळ्यांसमोर निर्दोष आहेस एवढं मी केलं. हे काही परत देणं नाही, मला कळतं. निवड गेली ती गेली.

संचिता


कोलशेत,
२८ मार्च २०२५

संचिता,

चारही पत्रं मिळाली. पहिलं अर्धं वाचून गादीखाली टाकलेलं. बाकीची बाबा येऊन गेल्यावर वाचली. बाबा इथे आले, जेवले, जाताना बोलले, पायजे तेव्हा घरी ये. आमच्यात एवढं बोलणं म्हणजे खूप. सर पण आले. त्यांना मी भेटले नाही. बघू.

माफीचं विचारू नकोस. आज तरी माझ्याकडे नाही. दवाखान्यात मला काय काय विचारलं, कुठे झोपवलं, ते मी तुला सांगणार नाही. सांगितलं तर तू रडशील आणि रडून मोकळी होशील. ते तुला मिळणार नाही.

मला ब्लॉक काढायचा नाही. पण एक काम आहे.

आत्याची सून आहे, अक्षदा. अठरा पूर्ण, मुलगी तीन महिन्यांची. टाके होते. गेले काही दिवस तिने हसायचं बंद केलंय. आधी फार हसायची, दात दिसायचे सगळे. आता हसू आलं की उठून आत जाते. पाण्याची कळशी उचलत नाही, आत्या तिला आळशी बोलते. मला तुझं पत्र वाचून डोक्यात आलं. काल तिला विचारलं, तर नाही बोलली आणि लाल झाली. म्हणजे हो.

इथल्या दवाखान्यात जायला ती तयार नाही. मी नेईन, पण तिला वेळ लागेल. तोवर तू जे व्यायाम करतेस ते पहिल्यापासून नीट लिहून पाठव. काय करायचं, काय नाही करायचं. रडारड नको, फक्त व्यायाम.

दक्षता


शहाड,
२ एप्रिल २०२५

दक्षता,

आज सिस्टरना विचारून लिहितेय, माझ्या मनाचं यात काही नाही.

आधी तिला विचारा की ताप, वास, जळजळ, रक्त जाणं, किंवा खाली काहीतरी जड उतरल्यासारखं वाटतं का. यातलं काहीही असेल तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. नसेल तरी एकदा दाखवायचंच आहे, पण घाबरून नको.

पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून, पाय जमिनीला. एक हात पोटावर. नाकाने श्वास घ्यायचा, पोट फुगू द्यायचं. श्वास सोडताना लघवी आणि वारा दोन्ही अडवतो तसं आतून वर ओढायचं. मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास कोंडायचा नाही. तीनपर्यंत मोजायचं, आणि तेवढाच वेळ घेऊन सोडायचं. सोडणं महत्त्वाचं, मी सुरुवातीला नुसतं धरून ठेवायचे, ते चुकीचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवीला बसल्यावर करून बघायचं नाही. पहिल्या दिवशी एकपर्यंतसुद्धा धरता येणार नाही. तिला आधीच सांगून ठेव.

आठ-दहा दिवसांनी तेच बसून, मग उभं राहून. खोकला येतोय असं वाटलं की आधी आवळायचं, मग खोकायचं. बाळाला उचलताना श्वास सोडत उचलायचं. भरलेली कळशी अजून नको, आत्याला हे तू सांग, तुझं ऐकतील. रोज चालायचं, दहा मिनिटांपासून. कोणीतरी बाळ घेतलं पाहिजे तेवढा वेळ. तुमच्याकडे कोण घेईल ते मला माहीत नाही, पण त्याच्याशिवाय यातलं काहीच होत नाही. उड्या आणि पळणं, डॉक्टर हो बोलेपर्यंत अजिबात नाही.

दीड-दोन महिने लागतील. मध्ये एखाद्या दिवशी परत ओलं होईल आणि तिला वाटेल सगळं फुकट गेलं. तसं नसतं.

एवढेच व्यायाम.

ती जर लाजून काहीच बोलली नाही, तर तिला सांग की ठाकुर्लीची एक पोरगी होती, खो-खो खेळायची, तिचं सहा बायकांसमोर फरशीपर्यंत ओलं झालेलं. तिने विचारलं कोण, तर एक पोरगी बोलून सोडून देऊ नकोस. माझं नाव सांग. पूर्ण नाव सांग, आडनावासकट. मी कुठे राहते तेही सांग.

संचिता